कासवाचा हौद

देवळात शिरताना सभामंडपात दगडी कासव दिसते. आपण त्याला हात लावतो आणि मग गाभाऱ्याकडे वळतो. कासव चारही पाय आणि मान आत ओढून घेते, तसे माणसाने मन आवरून देवापुढे जावे, असा त्याचा अर्थ जुनी माणसे सांगत आली आहेत. दगडाच्या कासवाला काही लागत नाही. त्याला पाणी नको, अन्न नको, ऊन नको. जिवंत कासवाचे तसे नसते. हा पाठ जिवंत कासवाचा आहे. त्यात आमची एक चूकही आहे. ती आधी सांगतो.

आमची चूक

आमचे गाव तेर. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठचे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून सगळा महाराष्ट्र त्याला ओळखतो. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलो. पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आता संध्याकाळी मोठ्या माणसांचा वाचनवर्ग घेतो.

दोन वर्षांमागे आमच्या नातवाने शहराच्या बाजारातून एक कासव आणले. बिस्किटाएवढे होते. हिरवीगार पाठ, डोळ्यामागे तांबडा पट्टा. दिसायला मोठे गोजिरवाणे. दुकानदाराने त्याला सांगितले होते, "हे एवढंच राहतं. काही लागत नाही त्याला. घरात लक्ष्मी येते."

आम्ही नातवाला रागावलो नाही. उलट कौतुकच केले. एका घमेल्यात चार बोटे पाणी घातले, मध्ये एक दगड ठेवला आणि त्यात कासव सोडले. पोळीचा तुकडा टाकला, भाताची शिते टाकली. घमेले स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ ठेवले. पाणी दोन दिवसांत गढूळ होई, त्याला वास येई. मग घरातले कोणीतरी ते मोरीत ओतून देई. त्याच मोरीत भांडीही घासली जात.

आमची धाकटी नात तेव्हा तीन वर्षांची होती. ती दिवसभर घमेल्याशी बसे. पाण्यात हात घाली आणि तीच बोटे तोंडात घाली. एके दिवशी तिला ताप भरला. पोटात कळा येऊ लागल्या. जुलाब थांबेनात. चार दिवस तिला दवाखान्यात ठेवावे लागले. सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "घरात कोंबड्या आहेत का? एखादे कासव वगैरे?" आम्ही मान खाली घातली.

कासवामुळेच पोर आजारी पडली, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. कारण कासवाची तपासणी झाली नव्हती. पण डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे.

न दिसणारा धोका

कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही. ते धडधाकट दिसते, खाते, पोहते. पण त्याच्या विष्ठेतून जंतू पाण्यात येतात, पाण्यातून पाठीवर येतात आणि पाठीवरून आपल्या हाताला लागतात. तेथून तोंडात गेले की माणसाला ताप, जुलाब आणि पोटदुखी होते. मोठा माणूस बहुधा चार-सहा दिवसांत बरा होतो. पण पाच वर्षांखालची मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि आधीच अशक्त असलेली माणसे यांच्या जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत पूर्वी अशी छोटी कासवे मुलांसाठी सर्रास विकत. त्यांच्यापासून पुष्कळ मुले आजारी पडली. म्हणून १९७५ साली तेथल्या सरकारने चार इंचांपेक्षा लहान कासव विकण्यावर बंदी घातली. का? लहान कासव मूल सहज तोंडाशी नेते म्हणून. शिकलेल्या देशाला जे ठेच लागून कळले, ते आम्हालाही ठेच लागूनच कळले.

नदीवरून परत

नात बरी होऊन घरी आली. तिच्या आजीने आम्हाला सांगितले, "आजच्या आज ते कासव तेरणेत सोडून या. त्यालाही सुख आणि आपल्यालाही."

आम्हालाही ते पटले. जीव मोकळा करणे हे पुण्यच, असे वाटले. कासव पिशवीत घालून आम्ही नदीवर गेलो. तेथे आमच्या वर्गातला एक विद्यार्थी जाळे धूत बसला होता. चाळिशीचा गृहस्थ. मासेमारी हाच त्याचा धंदा. त्याने कासव हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "गुर्जी, हे आपल्या नदीचं न्हाई. आपलं कासव मऊ पाठीचं असतं. हे कुठलं? चिलापी मासा असाच बाहेरून आला अन् आमचे जुने मासे कमी झाले. हे हितं सोडू नका."

आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. त्या दिवशी विद्यार्थ्याने आम्हाला शिकवले. कासव घेऊन आम्ही घरी परत आलो. नंतर जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, पुस्तके पाहिली. विद्यार्थी बोलला ते खरे निघाले.

आपले कासव कोणते, परके कोणते?

तेरला परदेशी माल नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाला तगर म्हणत. येथला माल भडोचच्या बंदरावर जाई आणि तेथून जहाजाने परदेशी जाई. एका ग्रीक खलाशी-पुस्तकात तगरचे नाव आहे. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात. पण परदेशी वस्तू घरात येणे वेगळे आणि परदेशी जीव नदीत जाणे वेगळे. वस्तूला पिले होत नाहीत.

आता ओळख करून घेऊ.

पहिले, मऊ पाठीचे कासव. हे आपल्या नद्यांत, तळ्यांत आणि विहिरींत राहते. पाठ गुळगुळीत असते, कातड्यासारखी. नाक पुढे आलेले असते, बारीक नळीसारखे. मागचे पाय आत घेतले की पोटाकडची झापड त्यांच्यावर बंद होते. तळे आटले की हे कासव चिखलात शिरून पडून राहते. गोगलगायी, बेडूक, मेलेले मासे आणि पाणवनस्पती खाते. म्हणजे पाण्यातली घाण काढणारा हा आपला बिनपगारी नोकर आहे.

दुसरे, चांदणी कासव. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतात. हे जमिनीवरचे कासव आहे. त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात टाकले तर बुडून मरते.

तिसरे, आमच्या नातवाने आणले ते. याला लाल कानाचे कासव म्हणतात. डोळ्यामागचा तांबडा पट्टा ही त्याची खूण. याचे मूळ घर अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात.

पहिली दोन्ही कासवे आपल्या देशाची आहेत. त्यांना पकडणे, पाळणे, विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. २०२२ साली तो सुधारला आणि १ एप्रिल २०२३ पासून ती सुधारणा लागू झाली. ही दोन्ही कासवे आता त्या कायद्याच्या पहिल्या यादीत आहेत. गुन्हा शाबीत झाला तर कमीत कमी ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद होते. शिवाय कमीत कमी २५ हजार रुपये दंड होतो.

वीस नखांचे कासव, एकवीस नखांचे कासव, पैशाचा पाऊस, अशा गोष्टी सांगून कोणी कासव विकायला आला तर त्याच्या नादी लागू नका. पाऊस पडत नाही, बेडी मात्र पडते. विहिरीत कासव सोडले की पाणी शुद्ध होते, हाही समज सोडून द्या. कासव विहिरीतच हगते. ते पाणी आपण पितो.

रानात, शेतात किंवा रस्त्यात आपले कासव दिसले तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. जखमी असेल किंवा कोणी पकडून ठेवले असेल तर वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

परक्या कासवाचे उलटे आहे. ते पाण्यात कधीच सोडू नये. ते मिळेल ते खाते. वर्षातून अनेकदा अंडी घालते. ऊन खायच्या जागा बळकावते. त्याच्या अंगचे रोग आपल्या कासवांना लागू शकतात. गुवाहाटीत आणि केरळात त्रिशूर जिल्ह्यात ही कासवे उघड्या पाण्यात सापडली आहेत. कोणीतरी पुण्य म्हणूनच सोडली असतील. युरोपातल्या देशांनी १९९७ सालीच यांची आयात बंद केली.

म्हणून एक ओळ पाठ करा. आपले कासव धरू नका. परके कासव सोडू नका.

हौद बांधला तो असा

धरायचे नाही, सोडायचे नाही. मग जे घरात आले आहे त्याचे काय? त्याला नीट सांभाळायचे. दुसरा मार्ग नाही.

दुकानदार म्हणाला होता, "हे एवढंच राहतं." ते खोटे होते. हे कासव वाढून वीस ते तीस सेंटिमीटर, म्हणजे वीत-दीड वीत होते. वीस-तीस वर्षे जगते. काही त्याहून जास्त. घमेले त्याला कसे पुरणार?

हिशेब सोपा आहे. कासवाच्या पाठीची लांबी मोजायची. दर सेंटिमीटरला सुमारे १५ लिटर पाणी लागते. पाठ १० सेंटिमीटर असेल तर १५० लिटर. पुढे २५ सेंटिमीटर झाली तर ३७५ लिटर. म्हणून आम्ही आधीच मोठा हौद बांधायचे ठरवले.

वर्गातला एक गवंडी पुढे आला. त्याने परसात, भिंतीच्या आडोशाला हौद बांधून दिला. लांबी ४ फूट, रुंदी अडीच फूट, उंची अडीच फूट. त्यात पाणी दीड फूट. चार गुणिले अडीच म्हणजे दहा. दहा गुणिले दीड म्हणजे १५ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे ४२० लिटर. पाण्याच्या वर एक फूट भिंत मोकळी राहते. तेवढी हवीच. कासव चढण्यात हुशार असते.

बांधताना गवंड्याने पाच गोष्टी सांभाळल्या.

एक. आतून सिमेंट घोटून गुळगुळीत केले. खरबरीत राहिले तर कासवाचे पोट सोलते.

दोन. तळाला एका कोपऱ्याकडे उतार दिला. त्या कोपऱ्यात नळी बसवली. नळीला आतून जाळी, बाहेरून बूच. बूच काढले की घाण तळापासून निघून जाते.

तीन. विटांवर शहाबादी फरशी बसवून पाण्याबाहेर एक ओटा केला. पाण्यातून ओट्यावर चढायला फरशीचाच तिरपा उतार दिला. त्या उताराला मुद्दाम टाके घातले. नाहीतर पाय घसरतो. ओटा कोरडा राहिला पाहिजे आणि ओट्यावरून भिंतीचा काठ कासवाच्या आवाक्यात येता कामा नये.

चार. तळाला वाळू-खडी टाकली नाही. बारीक खडे कासव गिळते आणि आतडे तुंबते. ठेवायचेच तर त्याच्या डोक्याहून मोठे, गोल गोटे ठेवावेत.

पाच. वरून तारेची जाळी केली. नाहीतर मांजर, कुत्रे आणि कावळे टपलेले असतात. जाळीला कडी लावली, ती लहान मुलांसाठी. दीड फूट पाणी हे तीन वर्षांच्या पोराला बुडवायला पुरेसे असते, हे विसरू नका.

कुंभारवाड्यातल्या एका आजीने फुटका रांजण दिला. त्याच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या आणि तो आडवा ठेवला. कासवाला भीती वाटली की ते त्यात जाऊन बसते. तोंड रुंद आहे ना, आत अडकत तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

नव्या सिमेंटमधून पाण्यात चुना उतरतो. तो कासवाच्या डोळ्यांना आणि कातडीला बाधतो. म्हणून तीन आठवडे हौद भरायचा, चार दिवस ठेवायचा, सोडून द्यायचा, असे केले. मगच कासव आत सोडले.

इतका खर्च झेपत नसेल तर प्लास्टिकची मोठी टाकी अर्धी कापून, कडा बोथट करूनही काम होते. नियम तेच. खोल पाणी, कोरडा ओटा, सावली आणि जाळी.

ऊन आणि सावली

कासवाला ऊन लागते. उन्हामुळे त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि खाल्लेला चुना पाठीला लागतो. ऊन नसेल तर पाठ मऊ पडते, वाकडी होते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही. उजेड आत येतो, पण हाडे घट्ट करणारे किरण काच अडवते. म्हणून ऊन उघडे हवे. काचेची पेटी उन्हात ठेवू नये, पाणी बघता बघता तापते.

पण आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. म्हणून हौदाचा एक भाग नेहमी सावलीत हवा. आम्ही अर्ध्या हौदावर कडब्याचे छप्पर केले. चैत्र-वैशाखात ते आणखी पुढे ओढतो. पाणी २४ ते २८ अंशांत असावे. ओट्यावर ३०-३२ अंश ऊब असावी.

थंडीत रात्री पाणी फार गार होते. कासव सुस्त पडते, खात नाही. गारठलेल्या कासवाला खायला घालू नये, अन्न पचत नाही. अशा रात्री आम्ही त्याला टबात घालून घरात आणतो. आंघोळीचे पाणी तापवायची विजेची सळई हौदात कधीही टाकू नये. कासवही मरेल आणि हात घालणारा माणूसही.

खाणे आणि पाणी

पोळी, भात, दूध, फरसाण काही घालू नये. लहान कासवाला गांडूळ, बारीक मासा किंवा दुकानात मिळणाऱ्या कासवाच्या गोळ्या द्याव्यात. मोठे होईल तसा हिरवा पाला वाढवावा. तळ्यावर तरंगणारी टिकलीएवढी हिरवी पाने त्याला फार आवडतात. तुतीचा पाला, गाजराचा कीस, लाल भोपळा चालतो. पालक नको, त्यामुळे चुना अंगी लागत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा. कासव तो कुरतडते आणि त्याला चुना मिळतो.

खायला घालताना आम्ही कासव वेगळ्या टबात काढतो. अर्ध्या तासात खाणे आटोपते. मग परत हौदात. त्यामुळे उष्टे हौदात कुजत नाही. पाणी घाण होण्याचे निम्मे कारण तेथेच संपते.

आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे. महिन्याला एकदा हौद पूर्ण रिकामा करावा, ब्रशने घासावा, दोनदा धुवावा आणि उन्हात वाळू द्यावा. साबण, फिनेल, कपड्याची पावडर वापरू नये. नळाच्या पाण्यात जंतू मारायचे औषध असते. ते पाणी एक दिवस उघडे ठेवून मग भरावे. नळी लावून पाणी काढायचे असेल तर तोंडाने ओढू नये. नळी आधी पाण्याने भरून घ्यावी.

काढलेले पाणी मोरीत नको, विहिरीजवळ नको, ओढ्यात नको. फुलझाडांना घालावे. आमच्या जास्वंदीला ते चांगले मानवले आहे. कोथिंबीर-मेथीला घालू नये, कारण ती आपण कच्ची खातो.

कासवाची बादली वेगळी, ब्रश वेगळा, टब वेगळा. त्यावर तांबड्या रंगाने ‘कासव’ असे लिहून ठेवले आहे. हात लावल्यावर साबणाने घासून धुवायचे, मग कोणीही असो. पाच वर्षांखालच्या मुलांनी हात लावायचाच नाही. कासवाला हळद-कुंकू, तेल किंवा रंग लावायचा नाही.

डोळे सुजले, पाठ मऊ पडली, पोहताना अंग एका बाजूला कलले किंवा कासव तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर घरगुती औषध करू नये. जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

एका बाईंचा प्रश्न

हा सारा मजकूर आम्ही वर्गात वाचून दाखवला. मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी नुकताच भागाकार शिकला होता. त्या म्हणाल्या, "गुरुजी, महिन्याला पाणी किती लागतं ते फळ्यावर मांडा."

आम्ही मांडले. तीन आठवडे १४० लिटर, म्हणजे ४२०. चौथ्या आठवड्याला पूर्ण हौद, म्हणजे आणखी ४२०. एकूण ८४० लिटर. बादली १५ लिटरची. ८४० भागिले १५, बरोबर ५६ बादल्या.

बाई म्हणाल्या, "आमच्या घरात पाच माणसं. उन्हाळ्यात दिवसाला दहा बादल्यांत भागवतो. म्हणजे तुमचं कासव आमचं साडेपाच दिवसांचं पाणी पितंय की!"

वर्ग हसला. पण आम्हाला हसू आले नाही. आमचा जिल्हा दुष्काळी. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. बाईंचे बोलणे रास्त होते.

आम्ही त्यांना उत्तर दिले ते असे. "बाई, तुमचं खरं आहे. म्हणूनच कासव विकत आणू नये. हौद कसा बांधावा हे मी सांगितलं, ते हौस म्हणून नाही. ज्याच्या घरी ते आधीच आलंय, त्याच्यासाठी सांगितलं. आम्ही बाजारात दोन-तीनशे रुपये दिले तेव्हा हे गणित केलं नाही. आता ते गणित आम्ही रोज भरतो. कासवाची त्यात काही चूक नाही."

बाई बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग आमच्या पोराला मी हेच गणित घालते. त्यानंही कासव मागितलंय."

पुढे काय?

आमची नात आता पाच वर्षांची आहे, धडधाकट आहे. कासवाची पाठ १२ सेंटिमीटर झाली आहे. दुपारी ते ओट्यावर येते, मागचे पाय लांब करते आणि ऊन खात पडते. पाण्याला वास येत नाही.

आम्ही सत्तरीकडे आलो. कासव अजून पंचवीस वर्षे जगू शकेल. आमच्या मागे त्याला कोण पाहील? ही काळजी आम्ही नातवापुढे बोलून दाखवली. त्याने वहीच्या पानावर लिहून दिले, "आजोबांच्या नंतर हौदाचे पाणी मी बदलीन. कासव नदीत सोडणार नाही." खाली सही केली. ते पान हौदाजवळच्या भिंतीवर लावले आहे. वर्गातली माणसे घरी आली की ते अक्षर लावून वाचतात.

ज्यांच्या घरी असे कासव आहे आणि सांभाळणे होत नाही, त्यांनी ते नदीत न सोडता वनखात्याला विचारावे किंवा ज्याच्याकडे चांगला हौद आहे अशा घरी द्यावे. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी आणू नये. पोराला कासव पाहायचेच असेल तर सकाळी नदीकाठी न्यावे. लांब उभे राहावे. आवाज करू नये. नशीब असेल तर तेरणेचे कासव नाक वर काढते, श्वास घेते आणि पुन्हा पाण्यात जाते.

वाचा आणि सांगा

१. कोणते कासव धरू नये? कोणते सोडू नये? का?
२. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन कासवाला का पुरत नाही?
३. कासवाच्या हौदाचे पाणी कोणत्या झाडांना घालावे? कोणत्या भाज्यांना घालू नये?
४. कासवाला हात लावल्यावर पहिले काम कोणते?

हिशेब करा

१. कासवाची पाठ १८ सेंटिमीटर आहे. दर सेंटिमीटरला १५ लिटर धरून किती पाणी लागेल?
२. तेवढे पाणी १५ लिटरच्या किती बादल्यांत मावेल?
३. तुमच्या घरात दिवसाला किती बादल्या पाणी लागते? वरच्या उत्तराशी ताडून पाहा आणि घरच्यांना सांगा.